चाळिशीच्या उंबरठ्यावर नोकरी सोडून मलावीत ग्रामविकासाचे काम: तयारी कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणच्या कारखान्यात देखभाल विभागात १४ वर्षे. पत्नी शिक्षिका, मुलगी सातवीत. आफ्रिकेत, शक्यतो मलावीत, चार-पाच वर्षे राहून गावपातळीवर काम करायचे आहे. त्यासाठी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करावे का, अर्ज कुठे करायचे आणि राजीनामा कधी द्यायचा?

एमएसडब्ल्यू करू नका. मलावीत समाजकार्य, ग्रामविकास, सार्वजनिक आरोग्य शिकलेले पदवीधर भरपूर आहेत. त्यांना चिचेवा ही तिथली भाषा येते, गावात कुणाशी कसे बोलायचे ते कळते आणि त्यातले कित्येक बेकार आहेत. दोन वर्षे घालवून तुम्ही त्यांच्याच रांगेत, तीही शेवटी, जाऊन उभे राहाल. मलावीतला परदेशी नोकरदाराचा परवाना (टेंपररी एम्प्लॉयमेंट परमिट) दोन वर्षांसाठी मिळतो, पुढे वाढवता येतो, आणि तो मागणाऱ्या संस्थेला दाखवावे लागते की या जागेसाठी स्थानिक माणूस मिळत नाही. शेजारच्या केनियात तर परदेशी माणसाच्या हाताखाली शिकणाऱ्या स्थानिक कर्मचाऱ्याची माहितीही मागतात. तेव्हा अर्ज लिहिण्याआधी एकाच प्रश्नाचे उत्तर तयार ठेवा: तिथल्या माणसाला जे येत नाही आणि तुमच्याकडून दोन-तीन वर्षांत शिकता येईल, असे तुमच्याकडे काय आहे?

तुमच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. देखभाल. तुम्ही ते प्रश्नात ओझरते लिहिले आहे, पण खरे भांडवल तेच.

ग्रामीण पाणीपुरवठ्याचे आंतरराष्ट्रीय जाळे आरडब्ल्यूएसएन याने २००९ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडील देशांतले आकडे एकत्र केले तेव्हा सुमारे ३६ टक्के हातपंप बंद आढळले. नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण चारात एक असे येते. बोअर मारायला देणगीदार मिळतो, उद्घाटनाला पाहुणेही मिळतात. किरकोळ किमतीचे रबरी सील वेळेवर बदलायला मात्र कुणी नसते. ब्रेकडाउन आणि प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्समधला फरक, सुट्या भागांचा किमान साठा, बिघाडाची नोंदवही, बंद काळाचा हिशेब या गोष्टी तुमच्या रोजच्या आहेत. गावात त्याच हव्या आहेत, फक्त शॉप फ्लोअरवर तुमचा हुकूम चालतो आणि गावात तो चालत नाही. तो फरक शिकायला तुम्हाला दोन वर्षे लागतील, आणि ती महाराष्ट्रातच घालवा.

सुरुवात पंपापासून करा. आपल्याकडचा इंडिया मार्क २ हा सोलापूर आणि जालना इथे तयार झालेल्या पंपांतून सत्तरच्या दशकात यूनिसेफच्या पुढाकाराने घडला. युगांडात तोच यू-२ नावाने चालतो. मलावीत मात्र आफ्रिदेव्ह प्रमाणित आहे. दोन्हींतला फरक हाताने खोलून समजून घ्या. मार्क २ मध्ये सिलिंडरमधला वॉशर बदलायचा तर सगळे लोखंडी पाइप वर काढावे लागतात: तिपाई, क्लॅम्प, चार-पाच माणसे, प्रशिक्षित मेकॅनिक. आफ्रिदेव्हचा उभा पाइप प्लास्टिकचा (यूपीव्हीसी, ६३ मिमी) आणि सिलिंडरपेक्षा रुंद असतो, त्यामुळे पाइप न हलवता सळयांसकट प्लंजर (दट्ट्या) वर येतो आणि फूटव्हॉल्व्ह (तळाची झडप) फिशिंग टूलने, म्हणजे वरून सोडायच्या आकड्याने, ओढून काढता येतो. एक पाना आणि ते टूल एवढ्यावर गावातल्या बायका हे काम करू शकतात. पंप बेतलाच त्यासाठी. वर्षातून एकदा बदलायचे भाग मोजके: प्लंजरचे यू-सील, फूटव्हॉल्व्हचा ओ-रिंग, दोन बॉबिन (झडपांचे हलते भाग), फुलक्रम (हँडलचा टेकू) आणि हँगर (सळी टांगायचा सांधा) यांचे नायलॉन बुश. बुश झिजले आणि बदलले नाहीत की पिन थेट धातूवर घासते, मग हँडल डुगडुगते, पंपहेडच खराब होतो आणि छोट्या खर्चाचा मोठा खर्च होतो. हा पंप साधारण ४५ मीटर खोलीपर्यंतचा. त्याहून खोल पाण्याला तो लावला की बुश आणि सळयांचे सांधे लवकर जातात, आणि दोष गावकऱ्यांच्या ‘निष्काळजीपणा’वर ढकलला जातो.

लोखंडी पाइपांबद्दलही एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण मार्क २ असलेल्या देशात काम मिळाले तर ती पहिल्याच महिन्यात समोर येईल. भूजलाचा सामू (पीएच) ६.५ च्या खाली असेल तर जस्ताचा मुलामा टिकत नाही. पाणी सकाळी लालसर येते, चव तुरट लागते, बायका डाळ शिजत नाही म्हणतात आणि पुन्हा झऱ्यावर जातात. पंप यांत्रिकदृष्ट्या चालू, वापरात मात्र शून्य. म्हणून सामू मोजण्याचे साधे मीटर जवळ बाळगा आणि सकाळचे पहिले पाणी व तासभर उपसल्यानंतरचे पाणी वेगवेगळे तपासा. लाली तासाभराने गेली तर दोष पाइपांचा. राहिली तर लोह खडकातलेच आहे.

आता महाराष्ट्रातली दोन वर्षे. नोकरी चालू ठेवून एक तालुका धरा, अकोले किंवा जव्हारसारखा. पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाबरोबर शनिवार-रविवार फिरा आणि वीस पंपांची वर्षभराची नोंद ठेवा: बिघाडाची तारीख, तक्रार कधी गेली, दुरुस्ती कधी झाली, कुठला भाग, किती खर्च, पैसे कुणी दिले. वर्ष पूर्ण हवे, कारण पावसाळ्यात पंपाकडे कुणी बघत नाही आणि खरा ताण मार्चनंतर येतो. नोंदीतून एक गोष्ट हमखास दिसेल: दुरुस्तीला लागणारा वेळ तासांत असतो, तक्रार पोचण्यात आणि सुटा भाग येण्यात आठवडे जातात. ही वीस पंपांची वही मुलाखतीत कुठल्याही पदविकेपेक्षा जड ठरते. सोबत भूजलाचे एखादे छोटे प्रशिक्षण घ्या. पुण्यात ॲक्वाडॅम हेच काम करते, वॉटर (डब्ल्यूओटीआर) संस्था पाणलोटाचे. लोकसहभाग म्हणजे काय ते बघायचे तर जामखेडचा सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे. आरोळे दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात परदेशातूनही लोक शिकायला येतात, आणि तिथले काम पाण्यापुरते नाही हे तुमच्या फायद्याचेच आहे. ग्रामसभेत मागच्या बाकावर बसा. सरपंच बोलताना कोण गप्प आहे ते बघा. वर्षभर एक शब्दही सुचवू नका, हे सगळ्यात अवघड जाते.

कागदी कौशल्यांत दोनच गोष्टी लागतात. लॉगफ्रेम (प्रकल्पाची उद्दिष्टे, कामे आणि मोजमापे मांडणारा तक्ता) आणि अर्थसंकल्प वाचता-लिहिता येणे, आणि इंग्रजीत दोन पानी स्वच्छ अहवाल. ऑनलाइन मोफत अभ्यासक्रमांत याचे शिक्षण मिळते. त्यावर पैसे खर्च करू नका.

अर्ज कुठे करायचे, तर आधी कुठे नाही ते. अमेरिकेचा पीस कोअर हा स्वयंसेवक कार्यक्रम फक्त अमेरिकी नागरिकांना, जायका या जपानी सरकारी मदतसंस्थेचा फक्त जपान्यांना. इंटरनेटवरची निम्मी माहिती या दोहोंभोवती फिरते आणि भारतीय पासपोर्टवाल्याला तिचा उपयोग नाही. तुमच्यासाठी खरे दार म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे यूएन व्हॉलंटिअर्स. १९७० मध्ये स्थापन झालेला आणि जर्मनीत बॉनमध्ये मुख्यालय असलेला हा कार्यक्रम. त्यात ‘स्पेशालिस्ट’साठी किमान वय २७ आणि तीन वर्षांचा अनुभव, ‘एक्स्पर्ट’साठी वय ३५ आणि १५ वर्षांचा अनुभव लागतो. तुमची १४ झाली आहेत, पुढच्या वर्षी ‘एक्स्पर्ट’साठीही पात्र व्हाल. पगार नसतो, राहणीभत्ता असतो, त्याबरोबर आरोग्यविमा, सुरुवातीचे बस्तान बसवायची रक्कम आणि परतताना थोडी रक्कम. या पैशांत तिथे नीट राहता येते, इथे घराचा हप्ता फिटत नाही. दुसरे दार व्हीएसओ, १९५८ पासूनची ब्रिटिश स्वयंसेवक संस्था, व्यावसायिक अनुभव असलेल्यांना घेते. थेट संस्थांच्या जागा रिलीफवेब या संकेतस्थळावर येतात. ‘वॉश’ (पाणी, शौचालये आणि स्वच्छता) आणि ‘ऑपरेशन अँड मेंटेनन्स’ हे शब्द टाकून शोधा, ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट’ टाकून नको. त्या नावाच्या जागा स्थानिकांसाठी असतात आणि असायला हव्यात.

कुणी निवडीसाठी, वैद्यकीय तपासणीसाठी, व्हिसासाठी आगाऊ पैसे मागितले तर तो ठग आहे. संयुक्त राष्ट्रे भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर शुल्क घेत नाहीत. पैसे भरून दोन आठवडे अनाथाश्रमात खेळवून आणणाऱ्या ‘सेवा सहली’ही अनुभवाच्या रकान्यात लिहू नका, जाणकार माणूस त्यावर फुली मारतो.

बायोडेटात कारखान्याची भाषा बदला. ‘हेड, मेंटेनन्स’ने तिथे काही कळत नाही. किती यंत्रे, बंद काळ किती टक्क्यांनी घटला, किती जणांना शिकवले, त्यातले किती जण आज स्वतंत्रपणे काम करतात, हे लिहा. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. मुलाखतीत ‘अमुक प्रसंगी तुम्ही काय केले’ असेच प्रश्न येतात. प्रसंग, तुमची जबाबदारी, कृती, परिणाम या क्रमाने उत्तर द्या, आणि ‘आम्ही’ कमी, ‘मी’ जास्त. मराठी माणसाला हे संकोचाचे वाटते खरे.

निवड झाली, पोचलात. पहिल्या वर्षी काय बिघडते ते आता सांगतो.

मलावीत जिल्हा परिषदेला वळसा घालून कुठलेही काम टिकत नाही. आधी जिल्हा कार्यकारी समितीपुढे (डीईसी) मांडणी, मग विभागाची समिती (एडीसी), मग गावांची समिती (व्हीडीसी). समांतर दुसरी साखळी पारंपरिक प्रमुखांची: ट्रॅडिशनल ऑथॉरिटी, त्याखाली ग्रुप व्हिलेज हेड, त्याखाली गावप्रमुख. एक साखळी सांभाळून दुसरी विसरलात की गावात सभा बोलावता येते, पण माणसे येत नाहीत. जिल्ह्याच्या पाणी अधिकाऱ्याच्या नोंदवहीत तुमचा पंप नसेल तर तुमचा प्रकल्प संपल्यावर त्याच्या दृष्टीने तो पंप नाहीच. या अधिकाऱ्यांकडे बहुधा गाडीला इंधन नसते. दौऱ्याचे इंधन आणि जेवणभत्ता हा तिथल्या व्यवस्थेचा भाग आहे. त्याला लाच समजून नाक मुरडू नका आणि खिशातून देऊही नका. सर्व संस्थांनी मिळून ठरवलेले दर असतात, ते अर्थसंकल्पात आधीच घाला. एका संस्थेने जास्त भत्ता दिला की बाकीच्यांच्या सभा ओस पडतात.

दुसरे, नात्यांची गृहीतके. मध्य आणि दक्षिण मलावीत चेवा, याओ, लोम्वे समाज मातृवंशीय आहेत. जमीन आईकडून मुलीकडे जाते, बहुतेक ठिकाणी नवराच बायकोच्या गावी राहायला येतो, आणि घराण्याचा निर्णय बाईचा भाऊ किंवा मामा घेतो. पाण्याच्या जागेसाठी नवऱ्याची सही घेऊन आलात तर ती जागा त्याची नसतेच. त्याचे लग्न मोडले तर तो गाव सोडून जाईल. उत्तरेत टुम्बुका समाजात वंश वडिलांकडून चालतो, तिथे पुन्हा उलटे. आपल्या सासर-माहेराच्या सवयीने बघणारा माणूस पाणी समितीतही चुकीची नावे सुचवतो.

तिसरे, पैसे. इथेच तुमचे खरे काम आहे. आपल्याकडे पंप बिघडला की जिल्हा परिषदेची गाडी येते, निदान यायला हवी असते. तिथे पंप गावाचा, खर्च गावाचा. एका पंपामागे सुमारे २५० माणसे, म्हणजे अंदाजे पन्नास-साठ घरे धरतात. मक्याची कापणी एप्रिल-मेमध्ये होते, डिसेंबर ते मार्च हा उपासमारीचा काळ. महिन्याला ठरावीक पाणीपट्टी लावली तर ती जानेवारीत थांबते, सहाव्या महिन्यापर्यंत यादी मोडते आणि ‘लोकांना किंमत नाही’ असा शेरा अहवालात जातो. वर्षाची पट्टी कापणीनंतर एकदम घ्या, रोख नसेल तिथे मका घ्या. आलेली रक्कम मात्र तशीच ठेवू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या रिझर्व्ह बँकेने क्वाचा या तिथल्या चलनाचे अवमूल्यन केले आणि डॉलर एका रात्रीत सुमारे ४४ टक्क्यांनी महागला. बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांसाठी जपून ठेवलेला गावाचा निधी बसल्या जागी आटला. आफ्रिदेव्हचे बरेच भाग भारतात बनून तिथे जातात, म्हणजे किंमत परकीय चलनातच ठरते. म्हणून मे-जूनमध्येच वर्षभराचे सील, ओ-रिंग, बॉबिन आणि बुश विकत घेऊन ठेवायचे. रबर उन्हापासून दूर, बंद डब्यात. डब्याची किल्ली एकीकडे, यादी दुसरीकडे.

उरलेला निधी तिथल्या बचत गटात, ज्याला ‘बँक म्खोंडे’ म्हणतात, फिरवायची सूचना येईलच. सूचना चांगली आहे, पण हे आपले बचत गट नव्हेत. आपला गट पैसा साठवतो आणि बँकेला जोडला जातो. तिकडचा गट १९९१ मध्ये नायजर देशात केअर संस्थेने सुरू केलेल्या पद्धतीवर चालतो: वर्षभर शेअर घ्या, कर्ज द्या, वर्षअखेर सगळे वाटून टाका. पंपाचे पैसे त्याच पेटीत मिसळले तर वाटणीत तेही जातात, कुणाची नियत खराब नसताना. वेगळी थैली, वेगळी वही, आणि वाटणीच्या दिवशी पाणी समितीचा माणूस हजर. बँक कर्जाशी जोडणी करण्याचा आपला लाडका उपाय तिथे रेटू नका, व्याजदर गरिबाला झेपणारे नाहीत.

आणि पाना हातात घेऊ नका. तुम्ही दुरुस्त केलेला पंप अर्ध्या तासात सुरू होईल, टाळ्या पडतील आणि पुढच्या बिघाडाला तुमचीच वाट बघितली जाईल. काही गावांत मिळून एक ‘एरिया मेकॅनिक’ असतो. गावाने त्याला फेरीमागे किती द्यायचे, किती दिवसांत त्याने यायचे, हे लेखी ठरवून द्या. पंप बंद असलेले दिवस तो आल्यावर कमी होतात का, एवढे तुम्ही मोजा.

चिचेवा शिका. इंग्रजी कचेरीत चालते, पंपावर नाही. पहिले तीन महिने रोज दोन तास शिकवणी लावा आणि दुभाषी वेगळा ठेवा. ड्रायव्हरलाच दुभाषी केले की गाव त्याच्यासमोर खरे बोलत नाही. मोटरसायकलचा परवाना आणि आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही काढून न्या. मलावीत वाहने आपल्यासारखी डावीकडूनच चालतात. रात्री मात्र गाडी चालवू नका. जेवणातल्या तूरडाळीची काळजी नको, मलावी स्वतः तूर पिकवतो आणि भारताला विकतो.

घरचा हिशेब. कुटुंबाचा दीड वर्षाचा खर्च बाजूला काढल्याशिवाय निघू नका, आणि गृहकर्ज असेल तर ते फेडून किंवा भाड्यावर चालेल असे करून निघा. पीएफची पेन्शन पात्रता दहा वर्षांची असते. तुमची झाली आहे, पण जुन्या नोकऱ्यांचे खाते एकत्र केले आहे का ते बघा. अनिवासी झालात की बचत खाते एनआरओ (अनिवासींचे रुपयातले खाते) करावे लागते, पीपीएफ मुदतीपर्यंत चालते पण वाढवता येत नाही. कराबाबत सीएचा लेखी सल्ला घ्या, कारण भत्ता आणि पगार यांची वागणूक सारखी नसते. भारतातला आरोग्यविमा बंद करू नका, नाहीतर परतल्यावर प्रतीक्षाकाळ पहिल्यापासून मोजला जातो. पदवीचे प्रमाणीकरण आधी मंत्रालयातून, मग परराष्ट्र मंत्रालयाचे, आणि पासपोर्ट कार्यालयातून पोलिस क्लिअरन्स. यात दोन महिने सहज जातात.

मुलीचे वय हा तुमच्या वेळापत्रकाचा खरा काटा आहे. नववी-दहावीच्या मध्ये हलवू नका. आठवीच्या सुरुवातीला नेता आले असते तर लिलाँग्वे किंवा ब्लँटायरच्या आंतरराष्ट्रीय शाळेत ती रुळली असती, पण तयारीच्या दोन वर्षांत ती नववीत जाईल, आणि तिथली फीही स्वयंसेवकाच्या भत्त्यात बसणार नाही. म्हणून दहावी होईपर्यंत थांबा. परदेशी बोर्डातून परतणाऱ्या मुलांना इथे समकक्षता प्रमाणपत्र लागते. कुटुंब नेता येईल की नाही हे जाहिरातीतच लिहिलेले असते, ते न वाचता मुलाखतीला बसणारे बरेच. पत्नीला तिथे काम करता येईलच असे नाही, तिचा परवाना वेगळा लागतो. तिला बिनपगारी रजा मिळते का ते तिच्या शाळेत आधी विचारा.

राजीनामा करारावर सही, वैद्यकीय मंजुरी आणि परवाना हातात आल्यावरच. नोटीस पिरिअड तीन महिन्यांचा असेल तर हे मुलाखतीतच सांगा, बहुतेक संस्था थांबतात.

तब्येतीत दोन गोष्टी नेमक्या. पिवळ्या तापाची लस घ्या. मलावीत हा आजार नसला तरी मुंबईहून जाणारी विमाने बहुधा आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जातात, आणि त्या देशांतून आल्याची नोंद असेल तर प्रमाणपत्र मागतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. प्रमाणपत्र २०१६ पासून आजन्म वैध आहे. मलावी सरोवर कितीही निळे दिसले तरी काठाच्या उथळ पाण्यात उतरू नका. बिल्हार्झिया या आजाराचे परजीवी कृमी त्वचेतून शिरतात आणि लक्षणे कित्येक महिन्यांनी दिसतात. मच्छरदाणीबरोबर मलेरियाची प्रतिबंधक गोळी कुठली आणि किती काळ, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम या घातक प्रकारचा, तो दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. सुटीवर किंवा कायमचे परत आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर पुण्यातल्या डॉक्टरांना आधी ‘आफ्रिकेतून आलो आहे’ हे सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.